एका कोल्ह्याचे दोन निवाडे

मुलांच्या पानासाठी पंचतंत्रातील पहिल्या तंत्राचा संक्षेप करण्याचे काम मध्यंतरी मजकडे आले होते. कथा सर्वांच्या परिचयाची आहे. पिंगलक नावाचा सिंह, संजीवक नावाचा बैल आणि करटक व दमनक हे दोन कोल्हे. सिंह आणि बैल यांची मैत्री जमते. दमनक एकदा याच्या आणि एकदा त्याच्या कानी लागून दोघांची मने कलुषित करतो. अखेर सिंह आपल्या निरपराध मित्राला ठार करतो आणि मग स्वतःच्या रक्ताळलेल्या पंजाकडे पाहून शोक करू लागतो. दमनक त्याचे सांत्वन करतो आणि मंत्री होऊन सुखाने राहतो. संस्कृत कथा येथे संपते. मीही ती तेथेच संपविली.

अंक वाचकांच्या हाती पडल्यावर काही दिवसांनी एका मुलीचे पत्र आले. वहीतला दुरेघी कागद, वळणदार अक्षर आणि मोजकी तीन वाक्ये. ‘गोष्ट आवडली. पण दमनकाला शिक्षा कोणी केली ते छापायचे राहून गेले आहे. पुढच्या अंकात छापावे.’

या पत्राला काय उत्तर द्यावे, हे मला सुचेना. छापायचे काही राहिले नव्हते. मुळातच ते नव्हते. विष्णुशर्म्याने राजपुत्रांना राजनीती शिकविण्यासाठी ही कथा रचली, आणि कान भरणारा मनुष्य राजदरबारी बहुधा सुखातच असतो, हे त्याने त्यांच्यापासून लपविले नाही. राजपुत्रांना ते कळणे आवश्यकच होते. परंतु दुरेघी वहीवर लिहिणाऱ्या मुलीला ते कसे समजवावे? मुळाशी इमान राखावे तर मूल हिरमुसते, आणि मुलाची समजूत घालावी तर मुळाशी बेइमानी होते. भाषांतराचे काम करणाराला हा पेच नवा नाही. पत्र तसेच कागदपत्रांत राहिले, आणि पुढे चेन्नईस जाण्याचा योग आला तेव्हा ते माझ्याबरोबर चेन्नईला गेले.

चेन्नईत माझा मुक्काम मैलापूर भागात, तंजावरकडच्या एका मराठी कुटुंबात होता. १६७६ मध्ये व्यंकोजीराजांनी तंजावरला राज्य स्थापिले आणि १८५५ पर्यंत ते भोसले घराण्याकडे होते. त्या काळात दक्षिणेत गेलेली शेकडो मराठी घराणी आज तमिळनाडूत तमिळांत मिसळून राहत आहेत. आमचे यजमान सत्तरी ओलांडलेले. घराबाहेर तमिळ, कचेरीत इंग्रजी आणि देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत मराठी, अशी त्यांची आयुष्यभराची वाटणी. ती मराठी आपल्या कानांना जरा निराळी लागते. तिच्यात कित्येक जुने शब्द टिकून आहेत, आणि त्यांच्या शेजारी तमिळ शब्द घरच्यासारखे बसलेले आहेत. मी मुलीचे पत्र त्यांना दाखविले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाले, “मग योग्य गावी आलात. या दमनकाची गोष्ट सुरू होते तीच मुळी आमच्या गावातून.”

ही केवळ गावाभिमानाची थट्टा नव्हती. पंचतंत्राचा प्रारंभ दक्षिण देशातील महिलारोप्य नावाच्या नगरात होतो. तेथे अमरशक्ती राजा राज्य करतो. त्याच नगरातून वर्धमान नावाचा व्यापारी माल घेऊन मथुरेच्या वाटेला लागतो, आणि त्याच्याच गाडीचा बैल संजीवक रानात अडकून पडतो. हे महिलारोप्य म्हणजेच मैलापूर असावे, असे काही विद्वानांनी सुचविले आहे. दुसऱ्या शतकातील ग्रीक भूगोलकार टॉलेमी याने या किनाऱ्यावरील ज्या ‘मालिआर्फा’ बंदराचा उल्लेख केला आहे, तेही हेच असे मानतात. सर्वांना हे मत मान्य नाही, आणि कथेतील गावाला नकाशावर खिळा ठोकून बसविणे फारसे शहाणपणाचेही नव्हे. तथापि सकाळी कपालीश्वराच्या देवळासमोरच्या तळ्याकाठी उभे राहिले की ते मत खरे मानण्याचा मोह होतो. तमिळमध्ये ‘मयिल’ म्हणजे मोर. पार्वतीने मयूरीच्या रूपाने येथे शिवाची आराधना केली, अशी स्थलकथा आहे. ज्या गावाचे नावच एका पक्ष्यावरून पडले, त्या गावात पशुपक्ष्यांनी बोलावे यात नवल ते काय? फुलवाले, नारळवाले, फिल्टर कॉफीचा दरवळ आणि गोपुराच्या चित्रमय मजल्यांवर बसून खालच्या गर्दीची चौकशी करणारे कावळे, हे सारे पाहून व्यापारी वर्धमान नुकताच गाड्या जुंपून गेला असावा असे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी यजमानांनी मला अड्यार नदीपलीकडे थिऑसॉफिकल सोसायटीच्या बागेत नेले. तेथील वटवृक्ष सुमारे साडेचारशे वर्षांचा सांगतात. पंचतंत्राचे दुसरे तंत्रही महिलारोप्यापासूनच सुरू होते, आणि त्या नगराजवळच्या एका प्रचंड वडापासून. त्या वडावर लघुपतनक कावळा राहतो. पारध्याच्या जाळ्यात सापडलेली चित्रग्रीवाची कबुतरे तो तेथूनच पाहतो, आणि सर्वांनी एकदम उडून जाळेच उचलून नेल्याची ती प्रसिद्ध घटना तेथेच घडते. अर्थात कथेतला वड निराळा आणि हा निराळा. परंतु त्याच्या सावलीत शिरताना मी साहजिकच वर पाहिले. कावळा होता.

“मूळ खोड कोणते?” मी विचारले. यजमानांनी मधल्या मोकळ्या जागेकडे बोट दाखविले. १९८९ च्या वादळात मुख्य खोड उन्मळून पडले. भोवतीच्या शेकडो पारंब्या मात्र तशाच उभ्या राहिल्या. त्यांपैकी कित्येक आता स्वतःच खोडाएवढ्या जाड आहेत. पाहुण्याला सांगितल्याशिवाय मध्ये काही नाही हे कळतही नाही.

पंचतंत्राची कुळकथा याहून निराळी नाही. विष्णुशर्म्याच्या हातचा मूळ पाठ आज कोठेही उपलब्ध नाही. आपण ज्याला पंचतंत्र म्हणतो ते त्याचे नंतरचे निरनिराळे पाठ होत. त्यातून निघालेली पहिली मोठी पारंबी इराणात रुजली. इराणचा बादशहा खुस्रू अनुशिर्वान (५३१ ते ५७९) याच्या पदरी बुर्झोय नावाचा वैद्य होता. मेलेल्यांना उठविणारी वनस्पती हिंदुस्थानच्या पर्वतांत मिळते, असे ऐकून तो येथे आला, असे फिर्दौसीच्या शाहनाम्यात सांगितले आहे. त्याने पुष्कळ मुळ्या कुटल्या, परंतु एकही मृत मनुष्य उठला नाही. तेव्हा एका वृद्ध ज्ञान्याने त्याला सांगितले, की मृत म्हणजे अज्ञानी माणूस, आणि ती संजीवनी म्हणजे राजाच्या भांडारातील एक ग्रंथ. ग्रंथाची नक्कल करण्याची परवानगी नव्हती. बुर्झोय दिवसा एकेक प्रकरण वाचून मनात साठवी आणि बिऱ्हाडी येऊन लिहून काढी. हा त्याचा पहलवी अनुवादही पुढे नष्ट झाला. परंतु नष्ट होण्यापूर्वी त्यातून एक सिरियाक आणि एक अरबी अशी दोन भाषांतरे झाली होती. त्यांपैकी अरबी भाषांतराने जग पादाक्रांत केले. करटक आणि दमनक यांची नावे अरबांच्या जिभेवर ‘कलीला’ आणि ‘दिम्ना’ अशी झाली आणि तेच ग्रंथाचे नाव पडले.

हे अरबी भाषांतर इब्न अल्-मुकफ्फा याने सुमारे ७५० मध्ये केले. तो जन्माने इराणी होता, उत्तम अरबी शिकलेला होता, आणि सरकारी दप्तरात लेखनिक होता. थोडक्यात म्हणजे आमच्याच धंद्यातला गृहस्थ. त्याने ग्रंथाला लिहिलेल्या प्रस्तावनेत एक गोष्ट मोठ्या चातुर्याने मांडली आहे. मुक्या प्राण्यांच्या तोंडी बोलणे घातल्यामुळे तरुणांना गोडी लागेल. प्राण्यांची चित्रे नाना रंगांत काढल्यामुळे राजेलोकांना करमणूक होईल. राजालाही हवा आणि रयतेलाही हवा असा ग्रंथ असल्यामुळे त्याच्या नकला होत राहतील आणि तो लयाला जाणार नाही. आणि या सर्वांच्या आतला अर्थ विचारवंतांसाठी राहील. चित्र हा या ग्रंथाचा अलंकार नसून आयुष्य वाढविण्याचा उपाय होता.

हा उपाय लागू पडला. अरबी कलीला-दिम्नाच्या सचित्र पोथ्यांपैकी आज उरलेली बहुधा सर्वांत जुनी पोथी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. विद्वानांच्या मते ती सुमारे १२२० ची असून बहुधा सीरियातली असावी. १३५४ ची आणखी एक उत्तम पोथी ऑक्सफर्डला आहे. पॅरिसच्या ग्रंथालयाने आपली पोथी संगणकावर सर्वांना खुली केली असल्यामुळे रात्री यजमानांच्या ओसरीवर बसून आम्ही दोघांनी तिची पाने पाहिली. सुमारे शंभर चित्रे आहेत. चित्रांना पार्श्वभूमी अशी जवळजवळ नाहीच. कागद कोराच सोडलेला, खाली गवताची एक पट्टी, कोठे एखादे झाड, आणि त्यात ठसठशीत रंगांचे प्राणी. सिंह आणि ससा पाण्यात डोकावून आपली प्रतिबिंबे पाहत आहेत. दोन कोल्हे समोरासमोर बसून काही खलबत करीत आहेत. एकाचे कान टवकारलेले, दुसऱ्याचे तोंड किंचित उघडे. अरबीचे एक अक्षरही न वाचता येणारे आमचे यजमान पुढे वाकून म्हणाले, “हा दमनक.” नंतर त्यांनी सांगितले, की लहानपणी आजी ही गोष्ट सांगे तेव्हा तिने दमनकाला नेहमी असेच तोंड अर्धे उघडून बोलायला लावले होते.

मुलीच्या पत्राचे उत्तर मला याच अरबी शाखेत सापडले. बैल मेल्यानंतर अरबी ग्रंथात एक सबंध नवे प्रकरण येते: दिम्नाच्या वर्तनाची चौकशी. जुन्या भारतीय पाठांत ते नाही. इब्न अल्-मुकफ्फा यानेच ते रचून घातले, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. त्याची हकीकत अशी. कलीला आपल्या सोबत्याची निर्भर्त्सना करीत असता ते बोलणे वाटेने जाणाऱ्या एका बिबट्याच्या कानी पडते. बिबट्या ते सिंहाच्या आईला सांगतो. पश्चात्तापाने झुरणाऱ्या मुलाला ती खऱ्या अपराध्याकडे वळविते, परंतु कोणी सांगितले त्याचे नाव प्रथम उघड करीत नाही. दरबार भरतो. दिम्ना असा वाक्पटू, की प्रत्येक आरोप उलट आरोप करणारावरच फिरवितो. पुराव्याशिवाय कोणाला शिक्षा देता येईना. दिम्ना बंदीखान्यात पडतो आणि इकडे कलीला दुःखाने आणि भीतीने मरतो. अखेर बिबट्या पुढे येऊन साक्ष देतो. त्याचे पाहून बंदीखान्यातलाच एक पशू सांगतो, की मीही तेथे दोघांचे बोलणे ऐकले आहे. दोन साक्षी जुळतात आणि दिम्नाला देहान्ताची शिक्षा होते. दुसऱ्या साक्षीदाराला विचारतात, “मग इतके दिवस गप्प का होतास?” तो म्हणतो, एकट्याच्या साक्षीने निकाल होत नाही हे मला ठाऊक होते. या एका उत्तरात किती दरबारांची हकीकत आली आहे!

म्हणजे त्या मुलीला जे टोचले तेच बाराशेहून अधिक वर्षांपूर्वी त्या इराणी लेखनिकालाही टोचले होते. तिने संपादकाला पत्र लिहिले; त्याने लेखणी उचलून प्रकरण लिहिले.

येथून गोष्ट पुन्हा चेन्नईला येते, आणि तीही दोन वाटांनी. अरबीतून ती हिब्रू, लॅटिन, स्पॅनिश, जर्मन अशी युरोपभर पसरली. फ्रेंच कवी ला फोंतेन याने १६७८ च्या संग्रहात हिंदी ज्ञानी ‘पिल्पे’ याचे ऋण मानले आहे. दुसरी वाट फारसीची. हेरातचा हुसेन वाइज काशिफी याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस ‘अन्वार-इ-सुहैली’ या नावाने तिला नटविले. पुढे कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांना फारसी शिकण्यासाठी हाच ग्रंथ लावीत. मद्रासेत अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविण्यासाठी १८१२ मध्ये फोर्ट सेंट जॉर्ज कॉलेज निघाले. त्या कॉलेजच्या छापखान्यात १८२४ मध्ये मुहम्मद इब्राहीम मुन्शी याने केलेले अन्वार-इ-सुहैलीचे दखनी भाषांतर छापले गेले. काशिफीने दिम्नाचा खटला राखून ठेवला होता; त्यामुळे दखनी वाचणाराला कोल्ह्याची शिक्षा वाचावयास मिळाली. आणि दोनच वर्षांनी, १८२६ मध्ये, याच कॉलेजातील तमिळ पंडित ताण्डवराय मुदलियार यांचे तमिळ पंचतंत्र प्रसिद्ध झाले. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलांनी ते शाळेत वाचले आहे. मराठी वाचकांना हे ऐकून आनंद होईल, की मुदलियारांनी ते मराठीवरून केले होते. आपल्याकडे ‘पंचोपाख्यान’ म्हणून नांदणारी ही कथा मराठीच्या ओसरीवरून तमिळच्या माजघरात गेली. या घरच्या वाटेने आलेल्या परंपरेत दमनकाचा खटला नाही.

एकाच शहरात, एकाच विद्यालयाच्या आश्रयाने, दोन वर्षांच्या अंतराने एकाच कोल्ह्याचे दोन निवाडे आले. जगाची प्रदक्षिणा करून आलेल्या वाटेवर त्याला देहान्त, आणि घरच्या वाटेवर मंत्रिपद.

ते कॉलेज १८५४ मध्ये बंद झाले. नुंगमबाक्कम भागातील कॉलेज रोड हे नाव मागे राहिले आणि मागे राहिली त्याची हस्तलिखिते. कर्नल कॉलिन मॅकेंझी याने दक्षिणेत गावोगाव माणसे पाठवून जमविलेल्या पोथ्या, लेडनच्या पोथ्या, तेलुगूचा अभ्यासक सी. पी. ब्राऊन याचा संग्रह, या सर्वांच्या पायावर १८६९ मध्ये सरकारी प्राच्य हस्तलिखित ग्रंथालय उभे राहिले. आज ते कोट्टूरपुरम् येथे, २०१० मध्ये उघडलेल्या अण्णा शताब्दी ग्रंथालयाच्या भव्य वास्तूत आहे. सत्तर हजारांवर हस्तलिखिते, आणि त्यांत ताडपत्रे अधिक. ताडपत्रावर गवती चहाच्या तेलाचा हात फिरविला की कीड लागत नाही आणि पान लवचीक राहते. त्या वासाने ओळख पटावी, अशी ती जागा आहे. संस्कृत, तमिळ, तेलुगू, कन्नड यांच्या जोडीला मराठी, फारसी, उर्दू आणि अरबी पोथ्याही तेथे एकाच छपराखाली आहेत. या भाषांनी एकमेकींकडून काय काय उसने घेतले आणि कोणी कोणाला काय परत केले, याचा हिशेब तेथे कोणी मागत नाही.

परतीच्या गाडीत मी मुलीला उत्तर लिहिले. राहून काही गेले नव्हते. आपल्याकडची गोष्ट तेथेच संपते, हे तिला सांगितले. परंतु तुझ्यासारखेच ज्याला वाईट वाटले असा एक लेखक फार पूर्वी होऊन गेला, आणि त्याने लिहिलेला खटला पुढच्या अंकात त्याच्या नावानिशी छापीत आहे, असेही कळविले. तसा तो छापला. विष्णुशर्म्याच्या शेवटाला मी हात लावला नाही, आणि इब्न अल्-मुकफ्फाच्या शेवटाला विष्णुशर्म्याचा म्हणून खपविले नाही. भाषांतरकाराला एवढेच करता येते, असे मला वाटते.

एक गोष्ट मात्र त्या पत्रात लिहिली नाही. खलिफा अल्-मन्सूर याच्या बंडखोर चुलत्यासाठी अभयपत्राचा मसुदा लिहिण्याचे काम इब्न अल्-मुकफ्फाकडे आले होते. त्याने तो इतका चोख लिहिला, की खलिफाला शब्द फिरविण्यास जागाच उरली नाही. त्याचा राग येऊन बसऱ्याच्या सुभेदाराकरवी त्याला हाल करून मारण्यात आले. परंपरेने त्या वेळी तो छत्तीस वर्षांच्या आसपास होता. जुने चरित्रकार सांगतात, की सुभेदारावर फिर्याद झाली आणि साक्षीदारही खलिफासमोर उभे राहिले. तेव्हा खलिफाने विचारले, “मी सुभेदाराला मारले आणि हा मनुष्य जिवंतच त्या दारातून आत आला, तर मग तुमचे काय करू?” साक्षीदारांनी आपली साक्ष मागे घेतली.

ज्याने कोल्ह्यासाठी दोन साक्षीदार उभे केले, त्याच्यासाठी एकही उभा राहिला नाही. हे मुलीला सांगावयास हवे होते की नाही, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. खटला वाचून ती पुन्हा पत्र लिहील, आणि त्या लेखकाचे पुढे काय झाले ते छापायचे राहिले आहे, असे विचारील, याची मी वाट पाहत आहे. विचारले तर सांगणार आहे.